वहीत मान घालून बसणाऱ्यांविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत दर आठवड्याला एखादे तरी पत्र कर्मचाऱ्यांच्या उर्मटपणाबद्दल असते. बँकेच्या खिडकीवरचा कारकून मान वर न करता बोलतो, एसटीच्या चौकशी खिडकीवर धड उत्तर मिळत नाही, दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाई अंगावर येतात, अशा त्या तक्रारी असतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतात. मी या खिडकीच्या आतल्या बाजूला एकतीस वर्षे काढली आहेत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप तयार करणाऱ्या एका कारखान्यात आधी टाइम ऑफिसात आणि नंतर हिशेब विभागात माझी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगतो की, खिडकीवर तिरसटपणे बोलणाऱ्या माणसाला पुष्कळदा अर्ध्या तासापूर्वी आत कोणीतरी तसेच बोललेले असते. ग्राहकाशी नीट बोलले पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु कामाच्या जागी वरून खाली येणारे हे बोलणे झेलल्यावर कर्मचारी पुढे काय करतो, याची चौकशी आपल्याकडे फारशी कोणी करत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण खान्देशातली माणसे रोखठोक बोलतो. अहिराणीत काय किंवा लेवा बोलीत काय, एकमेकांना 'तू' म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि 'काय भो, झोपला होतास का?' असे म्हणणारा सहकारी आपल्या डब्यातली शेवभाजीही आपल्याला वाढतो. तो उर्मटपणा नव्हे. चूक दाखवणे, अगदी चढ्या आवाजात दाखवणे, हाही माझ्या लेखी उर्मटपणा नाही; मार्चअखेरीला किंवा मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला सुपरवायझर गोड बोलेल, अशी अपेक्षा मी करत नाही. मी ज्याबद्दल लिहितो आहे ते बोलणे चुकीवरून माणसावर येते, त्याच्या अकलेवर, घरावर, जातीवर, वयावर घसरते आणि बहुतेक वेळा चार लोकांच्या देखत होते.

असा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या डिस्पॅच विभागात एक ज्येष्ठ कारकून होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. उन्हाळ्यात विहिरीच्या आणि पाइपलाइनच्या कामांमुळे पाइपाला मोठी मागणी असते आणि गेटवर गाड्यांची रांग लागते. अशाच एका दुपारी आप्पांच्या हातून एका चलनावर गाडी नंबरातले दोन आकडे उलटे पडले. नवे आलेले तरुण साहेब ते चलन घेऊन आले, त्यांनी ते टेबलावर आपटले आणि दोन ड्रायव्हर, चार हमाल, गेटवरचा वॉचमन आणि मी अशा सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "पगार घेताना आकडे बरोबर मोजता ना? का अक्कल घरी ठेवून येता?" आप्पांनी पेनाला टोपण लावले, पेन खिशाला अडकवले, क्षणभर थांबून ते पुन्हा काढले, चलनबुकात नवा कार्बन सरळ करून बसवला आणि काही न बोलता लिहायला घेतले. अक्षर नेहमीसारखेच आले. ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले. मी शेजारच्या टेबलावर वजनकाट्याच्या पावत्या जुळवत होतो आणि वहीतून मान वर न काढता जुळवतच राहिलो.

साहेबांची समजूत झाली की माणूस सरळ झाला. पुढच्या काही महिन्यांत आप्पांच्या चलनात एकही चूक सापडली नाही, हे खरे आहे. मात्र त्याआधी आप्पा जे काम करत ते कोणत्याही चलनावर दिसणारे नव्हते. कोणता डीलर कोणता माल नेतो हे त्यांना तोंडपाठ होते, आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर काही वेगळे आले की ते स्वतःहून फोन लावून विचारत, गरज पडली तर गाडी अर्धी भरलेली असताना थांबवत. हे सगळे त्यांनी बंद केले. मराठवाड्यातल्या एका डीलरला कायम सहा किलोचा, म्हणजे तेवढा पाण्याचा दाब सोसणारा, पाइप जायचा, त्याच्या चिठ्ठीवर एकदा टायपिंगच्या चुकीने चार किलो पडले. आप्पांनी चार किलोचा माल भरून गाडी रवाना केली. माल परत आला, जाण्यायेण्याचे भाडे कारखान्याच्या अंगावर पडले आणि ऐन हंगामात तो डीलर दुसऱ्या कंपनीकडे गेला. चौकशीत आप्पांनी चिठ्ठी पुढे ठेवली आणि म्हणाले, "चिठ्ठीवर चार आहे, चार भरला." यात खोटे काही नव्हते आणि कोणत्याही नियमाने त्यांना दोषी धरता येत नव्हते. संध्याकाळी सायकल स्टँडवर मी त्यांना विचारले की, तुम्हाला तर माहीत होते. ते म्हणाले, "साहेबच म्हणाले ना, अक्कल घरी ठेवून येतो मी. मंग म्हटलं, राहू दे तिला घरीच."

हा एकट्या आप्पांचा स्वभाव असेल, असे कोणाला वाटेल. ख्रिस्टीन पोराथ आणि ख्रिस्टीन पिअर्सन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी सतरा उद्योगांतील ८०० व्यवस्थापक आणि कर्मचारी यांना असे वागणे वाट्याला आल्यावर तुम्ही काय करता, हा प्रश्न विचारला होता आणि २०१३ मध्ये त्याची उत्तरे प्रसिद्ध केली. ज्यांच्या वाट्याला असे वागणे आले होते त्यांच्यापैकी ४८ टक्के लोकांनी आपण कामातली मेहनत जाणूनबुजून कमी केली असे सांगितले, ३८ टक्के लोकांनी कामाचा दर्जा जाणूनबुजून उतरवला, आणि ८० टक्के लोकांचा वेळ झालेल्या प्रसंगाचा विचार करण्यात गेला. नोकरी सोडणारे त्यात अवघे १२ टक्के होते. म्हणजे दुखावलेली बहुतेक माणसे जागेवरच बसलेली असतात, हजेरी लावत असतात, पगार घेत असतात, आणि मालकाला वाटते की काही घडलेच नाही. आपल्या पत्रलेखकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा आणखी एक आहे. त्यांतल्या २५ टक्के लोकांनी तो राग ग्राहकांवर काढल्याचे कबूल केले. आकडे परदेशातले आहेत, तरी आमच्या गेटवर, सराफ बाजारातल्या पेढीवर किंवा एखाद्या दालमिलच्या गोदामात याहून वेगळे काही घडत असेल, असे मला वाटत नाही.

उलट उत्तर देणारे कर्मचारीही असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण माझ्या नोकरीत मी पाहिले ते असे की, रागाच्या भरात दिलेले उत्तर मूळ अपमानाला झाकून टाकते. दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती 'तो साहेबांना काय बोलला' याची. साहेब त्याला काय बोलले होते ते कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मेमो उत्तर देणाऱ्याच्या हातात पडतो. तरुण मुले तेवढेही थांबत नाहीत. हातातला पाना खाली ठेवून ती गेटबाहेर पडतात आणि चार दिवसांनी सुरतला किंवा चाकणला कोणाकडे तरी उतरलेली असतात. बाहेर जाण्याचे मुख्य कारण पगार हेच असते, हे मी नाकारत नाही. पण हिशेब घ्यायला आलेल्या मुलांना मी विचारत असे तेव्हा पगाराच्या आधी कोणाच्या तरी तोंडचे एखादे वाक्य त्यांच्या ओठांवर येई, आणि ते वाक्य त्यांना अक्षरशः पाठ असे.

घरी नेला जाणारा राग हा या विषयाचा सर्वांत वाईट भाग आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहिण्याचे धैर्य मला होत नाही. शेठ मॅनेजरला बोलतात, मॅनेजर सुपरवायझरला, सुपरवायझर ठेकेदाराच्या माणसाला, आणि ठेकेदाराच्या माणसाच्या खाली कारखान्यात कोणीच उरत नाही, म्हणून तो घरी जाऊन बायकोला किंवा पोराला बोलतो. ज्या घरात हे झाले आहे त्यांना यापुढे काही सांगावे लागणार नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. माझी पुतणी धुळ्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी राउंडच्या वेळी, पेशंट आणि त्याचे नातेवाईक यांच्यासमोर, नोंद राहिली म्हणून तिच्या अंगावर फाइल भिरकावली आणि "कुठून भरती होतात ही?" असे विचारले. त्यानंतरचे काही दिवस तिने आम्हाला सांगितले ते ऐकून मी हादरलो. केसपेपरवर औषधाचे प्रमाण नीट वाचता आले नाही तरी त्या डॉक्टरांना फोन करायला तिचा हात धजत नसे. ती आधी दुसऱ्या नर्सला विचारी, मग फार्मसीत विचारी, आणि अगदीच नाइलाज झाला तर त्यांना फोन करी. यात चूक झाली असती तर ती कोणाच्या नावावर पडली असती, हे सांगायला नको. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या २४ पथकांवर याचीच परीक्षा झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरावासाठी रचलेल्या प्रसंगात एका बाहेरच्या तज्ज्ञाने काही पथकांना टाकून बोलायचे आणि काहींशी साधे बोलायचे, असे ठरवले होते. ज्यांना टाकून बोलले गेले त्या पथकांचे निदानही घसरले आणि हातचे कामही घसरले, कारण त्यांनी एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी केले. माझ्या पुतणीचे फोन न करणे हे त्यातलेच होते.

तिच्या बाबतीत पुढे जे झाले त्यासाठी मी हा प्रसंग लिहिला. तेच डॉक्टर पुन्हा एकदा तसे बोलू लागले तेव्हा वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर पुढे आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, नोंद राहिली असेल तर मी आत्ता करून घेते. हे बोलणं पेशंटसमोर नको." एवढेच झाले. डॉक्टर काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले. त्यांनी माफी मागितली नाही, पुढेही कधी मागितली नाही, पण त्या वॉर्डात फाइल पुन्हा उडाली नाही. पुतणीचे म्हणणे असे की, डॉक्टर बदलले की नाही ते तिला माहीत नाही. आपण एकट्या नाही हे तिला त्या दिवशी कळले आणि दुसऱ्या दिवसापासून तिने शंका आली की थेट फोन लावायला सुरुवात केली.

संपादक महोदय, या पत्रातून मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. अपमान झालेला कर्मचारी पुढे काय करील, मूग गिळून कामातून मन काढून घेईल, भांडेल, सोडून जाईल की सरळ मार्गाने तक्रार करील, हे बरेचसे त्याच्या शेजारी बसलेल्या माणसावर ठरते. आणि शेजारी बसलेले आपण सगळे 'जाऊ दे ना भो', 'आपले काय करनं शे' म्हणून वहीत मान घालतो. मीही तेच केले.

निवृत्तीनंतर एकदा मी यावल तालुक्यात आप्पांच्या गावी गेलो होतो. केळीच्या बागेत पाणी धरून ते नुकतेच घरी आले होते. चहा झाल्यावर मी धीर करून म्हणालो की, त्या दिवशी मी काहीतरी बोलायला हवे होते. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "साहेब नवा होता, आपल्या पोराच्या वयाचा. त्याचं मी चार दिवसांत सोडून दिलं असतं. पण तुम्ही पावत्याच मोजत बसले." एवढ्या वर्षांनंतरही मी पावत्या मोजत होतो हे त्यांच्या लक्षात होते.

आपण का बोलत नाही, याची कारणे मला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. आपल्याकडे बहुतेक नोकऱ्या ओळखीने लागतात. मामाने किंवा गावच्या सरपंचाने शब्द टाकलेला असतो, आणि मुलाने साहेबांविरुद्ध तोंड उघडले तर तो शब्द टाकणाऱ्याचा अपमान ठरतो, म्हणून घरचेच त्याला गप्प बसवतात. जिनिंग, दालमिल, चटईचे कारखाने, दुकाने अशा ठिकाणी पाच-पंधरा माणसे असतात. तिथे तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच करावी लागते. ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला तर उद्यापासून येऊ नकोस, एवढे सांगितले की पुरते.

कायद्याकडून किती अपेक्षा करावी, हेही नीट समजून घेतले पाहिजे. वरिष्ठ नुसते उर्मट बोलले म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. कामाबद्दल वरिष्ठाने रागावणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने हेतुपुरस्सर अपमान ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण प्रत्येक बोलाचाली पोलीस ठाण्यात नेऊन कारखाने चालत नाहीत. पण त्याखालच्या पायऱ्या आहेत आणि त्या आपल्याकडे धूळ खात पडल्या आहेत. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक झाली, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद ठेवली गेली, आणि या समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावे लागतात. बोलण्यात स्त्री म्हणून केलेली लगट किंवा अश्लीलता असेल तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि त्याहून लहान दुकानातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांच्या देखत जातीवरून पाणउतारा केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. नंदुरबारकडून कामाला येणाऱ्या आदिवासी मजुरांशी 'गमतीने' बोलणाऱ्या मुकादमांना हे कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तक्रार निवारण समितीच्या सभासदांची नावे मी सूचना फलकावर कधी पाहिली नाहीत. सुट्ट्यांची यादी मात्र दर जानेवारीला न चुकता लागत असे.

ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला मी इतकेच सांगेन की त्याच क्षणी उत्तर देऊ नये, पण तो दिवसही जाऊ देऊ नये. संध्याकाळपर्यंत साहेब एकटे सापडतील तेव्हा जावे आणि आधी आपली चूक मान्य करून म्हणावे, "माझ्या कामात चूक होती, ती मी दुरुस्त केली. पण चार माणसांत मला असे बोललात ते मला लागले, यापुढे आत बोलावून सांगा." आमच्या कारखान्यात पुढे एका मेन्टेनन्सच्या मुलाने हे जसेच्या तसे केले होते आणि ते साहेब त्याला "बरं" एवढेच म्हणाले होते, पण पुढच्या वेळी त्यांनी त्याला खरोखरच केबिनमध्ये बोलावले. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान एका वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि समोर कोण कोण होते ते लिहून ठेवावे. तक्रार करायची वेळ आलीच तर 'ते नेहमीच बोलतात' या वाक्याचा काही उपयोग होत नाही. तारखेचा आणि साक्षीदाराचा होतो.

आणि साक्षीदार म्हटले की जबाबदारी वयाने आणि नोकरीने ज्येष्ठ असलेल्यांवर येते. ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याची मुले मार्गाला लागली आहेत, ज्याला निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली आहेत, त्याला एक वाक्य बोलण्याची किंमत फार पडत नाही. ठेकेदाराकडच्या वीस वर्षांच्या पोराला ती पडते. ज्येष्ठाने साहेबांशी भांडावे असे मी म्हणत नाही. "साहेब, आपण आत बसून बोलू या का?" एवढे म्हणावे, आणि तेही जमले नाही तर साहेब गेल्यावर त्या माणसाच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसावे, ड्रायव्हर हसत असतील तर त्यांना बाहेर जायला सांगावे, आणि "झालं ते बरोबर झालं नाही" असे त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे. यातले काहीही त्या दुपारी मला करता आले असते. तेव्हा माझी नोकरी पक्की होती, आणि आप्पांचे टेबल माझ्या टेबलापासून दोन हातांवर होते.

जिल्ह्यातल्या कारखानदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या सभासदांना तक्रार निवारण समितीची नावे आणि भेटण्याची वेळ गेटवरच्या फलकावर मराठीत लावायला सांगावी आणि ठेकेदाराच्या कामगारांचे म्हणणेही त्या समितीने ऐकून घ्यावे, असे ठरवावे. ज्यांच्याकडे वीसपेक्षा कमी माणसे आहेत त्यांनी निदान घरच्या माणसाव्यतिरिक्त कोणा एका विश्वासू ज्येष्ठ कर्मचाऱ्याचे नाव त्यासाठी जाहीर करावे. असा फलक ज्यांच्या गेटवर लागला आहे त्यांनी आपल्या सदराकडे तसे कळवले, तर इतरांना तिथे जाऊन तो पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस,
जळगाव